पाय बघणारे मामा

घरी कुणी नवीन माणूस आला की मामा आधी त्याच्या पायांकडे बघत, मग तोंडाकडे. मामी म्हणायच्या, "आमची पहिली भेट झाली तेव्हा मला वाटलं, किती लाजाळू मुलगा आहे, मान वर करत नाही. लाजाळू कसला! मी निघाले तर म्हणतात, तुमची डावी चप्पल टाचेला घासतेय, बदलून घ्या. हे यांचं पहिलं प्रेमाचं वाक्य."

मामा सैन्यात कमांडर होते. जवान त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे पायसाहेब. डोंगरावरच्या चौकीत रोज संध्याकाळी सगळ्यांनी बूट-मोजे काढून भिंतीला टेकून बसायचं आणि कमांडरने टॉर्च घेऊन एकेकाचे पाय तपासायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. बोटांच्या बेचक्या बघायच्या, वास घ्यायचा. मग अंगठ्याच्या टोकावर दाब द्यायचा आणि सोडायचा. दाबलेली जागा पांढरी पडते, तिथे लाली लगेच परत आली तर पाय जिवंत. उशीर लागला तर त्या जवानाची रवानगी खाली दवाखान्यात.

पण खाली जाणं कुणालाच नको असायचं. सोबतचे वर थंडीत उभे आणि आपण उबेत पडायचं, ही लाज पायाच्या दुखण्यापेक्षा मोठी. त्यामुळे पोरं पाय लपवायची. मामांना सगळ्या क्लृप्त्या पाठ होत्या. कुणी बोटं आधीच चोळून लाल करून ठेवी, कुणी मोजा अडकलाय म्हणून वेळ काढी.

एक क्लृप्ती मात्र त्यांना माहीत नव्हती. त्या हिवाळ्यात बर्फ फार झालं, आणि सगळे एकाच ताडपत्रीखाली आडवे पडून नुसते पाय बाहेर काढत. मामा वाकून टॉर्चच्या उजेडात पायांची रांग तपासत जात. त्या रांगेत एक नुकतं लग्न ठरलेला जवान होता. सगळे त्याला नवरदेव म्हणत. त्याचे पाय रुंद, फावड्यासारखे. वर आलेल्या खोक्यात बूट निघाले ते सगळे अरुंद. लांबी बरोबर, रुंदी नाही. दोन दिवस त्याच्या शेजाऱ्याने ताडपत्रीखालून आपलेच पाय दोनदा बाहेर काढले, एकदा स्वतःचे म्हणून आणि एकदा नवरदेवाचे म्हणून. मामांनी तेच पाय दोनदा दाबले. लाली दोन्ही वेळा झकास आली.

तिसऱ्या दिवशी नवरदेव उभा राहायला गेला आणि पडला. त्याच्या दोन्ही पायांचा पुढचा भाग गेला. ठरलेलं लग्न मोडलं. नाव तेवढं राहिलं. आता त्याचं कुलपं-किल्ल्यांचं छोटं दुकान आहे. तो टाचांवर चालतो, अंगणात ओल असल्यासारखा.

निवृत्तीनंतर मामांना एका सरकारी समितीवर घेतलं. सैनिकांना काय कपडे, काय साहित्य द्यायचं याचं धोरण ही समिती ठरवणार होती. बातमी कळली त्या दिवशी मामांनी पहिला फोन नवरदेवाला लावला. "आता तीन रुंद्यांचे बूट नियमातच घालतो बघ. कुणाच्या मर्जीवर नको."

पलीकडून तो म्हणाला, "साहेब, माझ्यासाठी आता बिनबोटांचेच सांगा." आणि दोघंही मोठ्याने हसले. 

समितीचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लांब टेबल, करकरणाऱ्या खुर्च्या, कागदी कपातला कोमट चहा. मामांना तिथे जमायला वेळ लागला. "वर असताना मी म्हणायचो, उठा, की चाळीस माणसं उठायची," ते घरी सांगत. "इथे मी म्हणतो, खिडकी उघडा, तर विचारतात कोणत्या विभागाची."

त्यांची खरी गाठ पडली ती कोठारप्रमुखांशी. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे गृहस्थ. त्यांना एकच रुंदी हवी होती, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "साहेब, एका मापाच्या तीन रुंद्या केल्या की माझ्या कोठारात तिप्पट खोकी. गडबडीच्या दिवसांत भलतं खोकं भलत्या चौकीवर जातं. तुमच्या त्या जवानाला अरुंद बूट मिळाले, ते का? रुंद बूट बनत नव्हते म्हणून नाही. बनत होते. दुसऱ्या डोंगरावर गेले म्हणून. एकच रुंदी असती, जरा मधली, तर चूक व्हायला जागाच नव्हती."

हे मामांच्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. ते खोकं खरंच दुसऱ्या डोंगरावर गेलं होतं.

कोठारप्रमुखांनी नव्या बुटाचा नमुना आणला. एकच रुंदी, पण कातडं ताणलं जाणारं. रुंद पायालाही चालेल असा कारखान्याचा दावा. प्रशिक्षण केंद्रातल्या जवानांनी घालून बघितले आणि बरे आहेत म्हणून लिहून दिलं. मामा म्हणाले, "वरिष्ठांनी विचारल्यावर जवान सगळं बरंच आहे म्हणतो. बूट मला द्या. माझा पाय रुंद आहे. मी स्वतः घातल्याशिवाय पोरांच्या पायात घालू देणार नाही."

कमांडर असतानाही त्यांचा हाच खाक्या होता. नवं काही आलं की आधी स्वतःवर.

मग मामा ते बूट घालून सगळीकडे जाऊ लागले. जिन्याने तिसरा मजला, वसाहतीमागची टेकडी, भाजी आणायलासुद्धा. मामी म्हणायच्या, "कोथिंबीर आणायला निघालात की किल्ला घ्यायला?" पण मामांचं लक्ष पायांकडे होतं. ते वाट बघत होते. आज चावेल, उद्या चावेल. चावला की टेबलावर ठोकून सांगणार होते, हे बघा, कातडं ताणलं तरी रुंदी ती रुंदीच.

बूट चावला नाही. चढावर नाही, उतारावर नाही. मामा दिवसेंदिवस गप्प होत गेले.

"चावत नाही तर बरंच आहे की!" मामी म्हणाल्या.

"चावायला हवा होता गं. माझा पाय मला माहीत आहे."

पाय मात्र त्यांनी बघितला नव्हता. रक्तातली साखर वाढल्यापासून आमच्या डॉक्टरांनी रोज दोन्ही पाय तपासायला सांगितलं होतं. मामी रात्री हाक मारायच्या, "अहो, दाखवा बघू पाय." मामा पेपरातून मान न काढता उजवा पाय पुढे करत. मामी बघून म्हणायच्या, "दुसरा?" ते म्हणत, "त्याचाच भाऊ आहे, तसाच असणार. आणि पाय मी बघतो, माझे कुणी बघत नाही." मामी हसून सोडून द्यायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांपुढे वाकलेला माणूस. स्वतःचे पाय दुखतील तेव्हा कळेलच, असं मामींनी धरलं होतं.

बैठकीच्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, "कमांडर, तुमचा अनुभव काय?" मामा खोटं बोलणारे नव्हते. तेवढं एक खोटं बोलले असते तरी चाललं असतं, असं मला आजही वाटतं. ते म्हणाले, "मला वाटलं होतं चावेल. नाही चावला." कोठारप्रमुखांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि मनापासून आभार मानले. एकच रुंदी ठरली. मसुद्यात खास वाक्य आलं, की रुंद पाय असलेल्या अनुभवी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष वापरून अनुकूल मत दिले आहे.

त्या संध्याकाळी मामी धुवायचे कपडे गोळा करत होत्या. डावा मोजा त्यांच्या हातात ताठ लागला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, पाय! डावा!"

करंगळीच्या मुळाशी बुटाने खड्डा पाडला होता. आत काळं झालं होतं. मामा वाकून स्वतःच्या पायाकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसे. मग सवयीने त्यांनी अंगठ्यावर दाब दिला आणि सोडला. पांढरं पडलं ते पांढरंच राहिलं.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. हातात नायलॉनचा एक ताठ तंतू होता. "मी तळव्याला टोचेन. टोचलं की हो म्हणायचं." मामा डोळे मिटून पडले. थोड्या वेळाने मामा म्हणाले, "करा की सुरू."

"झालं माझं," त्या म्हणाल्या. "दोन्ही पायांना दहा-दहा ठिकाणी टोचलं."

मामांनी डोळे उघडले नाहीत. बिघडलेला वजनकाटा शून्य दाखवतो, आणि बघणाऱ्याला ते वजनच वाटतं. त्यांना आपल्या पायापेक्षा आधी मसुद्यातलं ते वाक्य आठवलं असणार, कारण पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला, "उद्या मला कार्यालयात जाता येईल का?"

"आजच भरती व्हा. विष वर चढतंय."

"उद्या सह्या आहेत. सह्या झाल्या की मी तुमचा."

मामी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवून बोलल्या. "पोरं पाय लपवायची तेव्हा काय बोलायचात त्यांना? मूर्ख म्हणायचात ना? मग आता मी काय म्हणू?"

"मूर्खच म्हण," मामा म्हणाले. "पण माझ्या तोंडच्या शब्दावर ते बूट चाललेत. तो शब्द मलाच परत घ्यायला हवा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीने नेलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते माझ्या खांद्यावर भार टाकून चढले. टेबलाशी बसल्यावर त्यांनी चप्पल काढली, पट्टी सोडली आणि पाय शेजारच्या खुर्चीवर ठेवला. वास खोलीभर पसरला. कुणी खिडकी उघडायला उठलं. या वेळी विभाग विचारला नाही.

"मी म्हणालो होतो चावला नाही," मामा म्हणाले. "साखरेने माझे पाय बधिर झालेत. मला कळलंच नाही. माझं मत रद्द धरा, आणि बूट काय करतो ते इथे बघा."

मग कोठारप्रमुख बोलले, अगदी हळू आवाजात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी बघितलं आहे. "साहेब, तुमचं मत काढून टाकू. पण मला एक सांगा. ही जखम बुटाची की साखरेची? बधिर पायाला कुठलाही बूट हे करेल. म्हणजे तुमचा पाय बुटाच्या बाजूनेही बोलू शकत नाही आणि विरुद्धही नाही. मग उरतं काय? प्रशिक्षण केंद्राचं मत. ते बरं आहे."

मामांनी पट्टी पुन्हा बांधायला घेतली. अध्यक्षांनी ते वाक्य मसुद्यातून काढलं, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि सह्या झाल्या. आपली सही मामांनी केली नाही. तिच्याविना काही अडणारही नव्हतं.

संध्याकाळी त्यांचा डावा पाय घोट्याच्या वर कापला. आदल्या दिवशीच भरती झाले असते तर कदाचित बोटांवर भागलं असतं, असं डॉक्टरीणबाई मामींना म्हणाल्या. मामींनी ते मामांना सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि मग बाहेरच्या बाकावर पदर तोंडात धरून रडल्या.

भेटायला पुष्कळ लोक आले. मामा सगळ्यांशी बोलत. एकदाच दचकले, मामी म्हणाल्या तेव्हा, की नवरदेव उद्या येतोय. "कशाला बोलावलंस?" ते म्हणाले. "त्याला काय सांगू मी?"

तो आला तो टाचांवर, दाराच्या चौकटीला हात लावत. खुर्ची ओढून पलंगाच्या पायथ्याशी बसला. कसे आहात नाही, काही नाही. म्हणाला, "साहेब, पाय दाखवा."

मामांनी पांघरुणातून उजवा पाय पुढे केला.

"हा नाही. ही क्लृप्ती आमची आहे."

मामी खिडकीकडे वळल्या. मामांनी पांघरूण बाजूला केलं. नवरदेवाने पट्टीच्या वर, नडगीवर, अंगठा दाबला आणि उचलला, आणि मान वाकवून बघत राहिला. किल्ल्या घासून काळपट झालेला अंगठा.

"आली का लाली?" मामांनी विचारलं.

"येतेय. उशीर लावतेय जरा."

मग त्यानेच विचारलं, पांघरूण नीट करता करता. "आणि बुटांचं?"

मामांनी त्याच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. नजर जाऊन टेकली ती त्याच्या पायांवर, बोटांच्या जागी कापूस भरलेल्या त्या दोन बुटांवर.

"एकच रुंदी," मामा म्हणाले.

नवरदेवाने मान हलवली, गिऱ्हाइकाची किल्ली लागली नाही की हलवतो तशी. मग उठून त्याने मामांच्या पायाखालची उशी थोडी वर सरकवली आणि परत खुर्चीत बसला. भेटीची वेळ संपेपर्यंत तो तिथेच होता.