एकाच वाणाचा आजार

गाय अडली की पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात पशुवैद्याच्या आधी आत्याला हाक जायची. बांगड्या काढून ती गोठ्यात शिरायची, वासराच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढायची आणि त्यालाच दटावायची, "वरड की मेल्या, आलास आता भाईर." माझ्या वडिलांची थोरली बहीण, पण साऱ्या गावाची आत्या.

तिला एचआयव्ही होता. ती लपवत नसे. कसा झाला असं कुणी विचारलं तर म्हणायची, "तुला न्हाई ना झाला? मग च्या पी." जुन्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, नव्या सुरू झाल्या, तोवर तिची प्रतिकारशक्ती पार खाली गेली होती. डॉक्टरांनी गोठ्यात जायचं नाही असं बजावलं. "गाईला तुमी सांगता का, थांब म्हनून?" असं त्यांनाच विचारून ती परत आली.

त्या उन्हाळ्यात गावात जुलाब सुरू झाले. वासरंही हगवणीने लोळत होती, पण गावाचं बोट आत्याकडे वळलं. शेजारचे तात्या दूध संकलन केंद्रावर सगळ्यांदेखत म्हणाले, "तिच्या घरचं दूध घेऊ नका. तिच्यापासनंच हे आलंय." मग तिला गोठ्यात कुणी बोलवेना. गावाचे जुलाब आठवड्यात थांबले. तिचे थांबेनात. साडीची गाठ कमरेवर टिकेना.

आमचं घर चळवळीतलं, जेवताना पत्रकांची प्रुफं वाचली जात. मी त्यावरच वाढले. संतापून एक पत्रक लिहिलं, तात्यांच्या नावासकट. आत्याने ते पडल्या पडल्या ऐकलं.

"तात्याला काढ त्यातनं. पानी उकळा, वासराला हात लावला की साबन लावा, एवढं लिही. माझं भांडान मी करीन, बरी झाल्याव."

नगरहून डॉक्टरांचं पथक आलं. आजारातून उठलेले, धडधाकट, वासरं, सगळ्यांचे नमुने त्यांनी घेतले. मी आत्याच्या नमुन्याची डबी द्यायला निघाले तर ती म्हणाली, "तात्याच्या डबीशेजारी ठिव. बाटू दे त्याला."

महिन्याभराने त्यातल्या एका डॉक्टरबाई देवळाच्या सभामंडपात समजावून सांगत होत्या. हे जुलाब एका परजीवीमुळे झाले होते, आणि बियाण्याचे असतात तसे या परजीवीचेही वाण असतात. वासरांत, गावकऱ्यांत आणि आत्यात एकच वाण निघाला होता, वासरांत नेहमी सापडणारा. पाण्याच्या टाकीत टाकलेल्या क्लोरीनच्या टीसीएल पावडरीने तो मरत नाही, पाणी उकळलं तरच मरतो.

"मग आमी कसे उठलो?" तात्यांनी विचारलं.

"तुमचं शरीर त्याला हुसकून लावतं. त्यांचं लावू शकत नाही."



आत्याला एव्हाना दवाखान्यात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तात्या तिथे आले. टोपी हातात घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. म्हणाले, "आत्या, माझ्या गाईचं दिस भरत आलेत."

माफी त्यांनी मागितली नाही. आत्याने डोळे उघडले. "गरम पानी तयार ठिव," ती म्हणाली. "येते."

गाय व्यायच्या आधीच आत्या गेली.

पत्रक छापलं, तिने सांगितलं होतं तेवढंच. तिच्यासाठी दुसरं लिहायला किती वेळा बसले, पण कुणाविरुद्ध लिहू? धडधाकटांच्या नमुन्यांत माझाही होता, आणि त्यातही तोच वाण निघाला होता. मला एक दिवसही त्रास झाला नव्हता. तिला ज्याने नेलं, तो माझ्या आतड्यातून नुसता फिरून गेला.