दोघांचा एक कोयता

दसरा झाला की आमच्या घराला कुलूप लागायचं. पाथर्डीकडची आमची वस्ती अर्धी रिकामी व्हायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, आम्ही पोरं, आणि पुढे सहा महिने ऊसतोड. निघताना मुकादम यादी वाचायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. अण्णांचं नाव तो मोठ्यानं घ्यायचा, आईचं त्यातच आलं. एका वर्षी मात्र मी ट्रॉलीत चढले नाही, वसतिगृहात राहिले. आई जाताना एवढंच म्हणाली, "रडायचं तर रड, पन शाळा बुडवू नको."

नाही बुडवली. घरातली पहिली पदवीधर मी, बीएस्सी नर्सिंग. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखंच आहे.

आणि नोकरीसाठी नॉर्वेत आल्यावर मला माझ्याच कामाचं नाव घेता येईना! इथे नर्सला 'सीकेप्लैयर' म्हणतात. 'सीके' म्हणजे आजारी, 'प्लैयर' म्हणजे काळजी घेणारं माणूस. शब्द कुठे तुटतो ते मला कळत होतं. पण आपण मराठी माणसं सगळी अक्षरं सारख्याच वजनाने बोलतो. मी दोन्ही तुकड्यांवर जोर द्यायचे, आणि ऐकणाऱ्याला दोन सुटे शब्द ऐकू यायचे: आजारी, नर्स. मी मदतनीस होते त्या वृद्धाश्रमातले एक आजोबा म्हणाले, "मग कॉटवर तू झोप पोरी, मी तुझा ताप बघतो."

सगळ्यांबरोबर मीही हसले, पण दिवसभर मन कशात लागेना. इथल्या भाषेची तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय नर्स म्हणून नोंदणी नव्हती. एकदा नापास झाले होते, दुसरी आठवड्यावर आली होती. भाषेच्या वर्गातल्या बाईंनी टेबलावर बोट आपटून दाखवलं: जोर पहिल्या शब्दावर, दुसरा खालच्या आवाजात. मग मी दुसरा गिळायलाच लागले. बाई म्हणाल्या, "तो गाळू नकोस. माणूस कोण, ते तोच सांगतो."

फोनवर आईला हे रडगाणं ऐकवलं. ती म्हणाली, "आगं, आमचा कोयता तसाच हुता की. नाव तुझ्या बापाचं. अन् मोळ्या काय मुकादम बांधत हुता व्हय?"

मागून अण्णा ओरडले, "लई बोलती ही!"

"बोलनारच. इतकी वर्सं यादीत गप हुते."

परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, काय काम करायचंय? मी 'सीके' ठणकावून म्हटलं, आणि 'प्लैयर' हळू, पण अख्खं. आईचं नाव घ्यावं तसं. पुन्हा बोला, असं कोणी म्हणालं नाही.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, चैन मला अजून नाही. दसरा आला की कपाटावरची बॅग उगाच खाली काढते, पुसते, परत ठेवते. घर म्हणजे कुलूप लावून निघायची जागा, हे अंगात मुरलंय ते जात नाही.

पण मी आता नोंदणी झालेली नर्स आहे. आई-अण्णांनी तोडीला जाणं सोडलं. आमच्या घराला दसऱ्यानंतर कुलूप लागत नाही.