चाळीच्या ग्रुपवरचा पाहुणा

बाबांना चाळीच्या ग्रुपवर मीच घातलं. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, माणसं पांगली आणि मग कुणीतरी जुन्या मंडळींना फोनवर एकत्र आणलं. बाबांचा आनंद गगनात मावेना. सकाळी चहाच्या आधी चष्मा शोधायला लागले.

गिरणगावात नुसतं नाव सांगून भागत नसे. गाव कुठलं, गिरणी कुठली, खातं कुठलं, खोली कुठल्या मजल्यावर, एवढं झालं की माणूस आपला. ग्रुपवरही सगळ्यांनी तशीच ओळख दिली. बाबांनी तर वर जन्मतारीख लिहिली, परळचा आताचा पत्ता लिहिला आणि गिरणी कामगारांच्या घरासाठी केलेला अर्ज अजून अडकलाय, हेही लिहून टाकलं. वाचून मी कपाळाला हात लावला.

"बाबा, हे कोण कोण वाचतं ठाऊक आहे का?"

"वाचू देत गो. आपलीच माणसां."

पुढच्याच आठवड्यात, मी प्रभादेवीला ऑफिसात असताना आईचा फोन आला. "ग्रुपवर कोणतरी नवीन इलोहा. तिसऱ्या माळ्यावरच्या वहिनींचो भाचो म्हणता. घराचा काम करून देतंय, गिरणीचा कार्ड नि आधारचो फोटो पाठवा, मोबाईलवर नंबर येयत तो सांगा म्हणता. बाबा कागदांची पेटी उघडून बसलेत. माझा ऐकणत नाय."

बाबांना फोन लावला तर उचलेनात. मी टॅक्सी पकडली आणि वाटभर संतापत राहिले. संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. उमेदीची वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून काढलेल्या माणसाच्या हाती उरला होता तो त्या घरावरचा हक्क. तो कुणा भामट्याच्या हाती गेला असता तर बाबा खचलेच असते. आणि बाबा काही भोळे नव्हते, म्हणून तर जास्त राग येत होता. संपाच्या दिवसांत ते सभांना पुढे असायचे. मग पोलिसांची नाहीतर मालकांची अनोळखी माणसं जिन्यावर येऊन गोड बोलायची, "बाळ, बाबा आहेत का घरात?" मी शाळकरी पोर, उंबऱ्यात उभी राहून सांगायचे, "बाबा गावाक गेलेत." बाबा तेव्हा माझ्या डोक्यावर, पोटमाळ्यावर श्वास रोखून पडलेले असायचे. हे वाक्य त्यांनीच माझ्याकडून घोकून घेतलं होतं. आमच्या चाळीची दारं दिवसभर उघडी असत, पण तसला माणूस जिन्यात दिसला की अख्ख्या मजल्यावरचे बाप्ये गावाला जायचे.

आणि आता हेच बाबा पेटी उघडून बसले होते.

घरात शिरले तर ते चहा पीत होते. गिरणीचं कार्ड मांडीवर. मी चप्पलही न काढता ओरडले, "पाठवलंत?"

त्यांनी शांतपणे फोन पुढे केला. भाच्याच्या त्या लांबलचक, आर्जवी मेसेजखाली एकच उत्तर होतं.

"बाबा गावाक गेलेत. कधी येतील म्हायत नाय. त्यांची मुलगी."

खाली भाच्यानं "कुठलं गाव?" असं विचारलं होतं, मग "ताई, अर्जंट आहे", आणि मग तो ग्रुपमधूनच नाहीसा झाला होता. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या ओळखीतून पत्ता, जन्मतारीख, घराचा अर्ज सगळं पुसून टाकलं आणि बाकीच्यांनाही तसं करायला सांगितलं. बाबांनी गाव आणि खातं मात्र ठेवायला लावलं.

"मग हे कार्ड कशाला काढलंत?"

"बघूक. खूप दिवसांत बघूक नाय."

"आणि खाली 'त्यांची मुलगी' असं कशाला लिहिलंत?"

बाबांनी कार्ड पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. "तेव्हा पण तूच सांगायचंस गो," ते म्हणाले. "तुझा बोलणा सगळ्यांका खरा वाटायचा."