दोरीवरचं लुगडं

कांतीशेठ मान वर करून चालायचे. रस्त्याकडे त्यांचं लक्ष नसायचं. एकदा आमच्या मंचरच्या गल्लीतच उघड्या गटारात त्यांचा पाय गेला, तरी डोळे वरच. रोज सकाळी दहाच्या सुमाराला, बायका कपडे वाळत घालून मोकळ्या झाल्या की हा माणूस छत्री बगलेत मारून निघायचा आणि एकेका गॅलरीकडे बघत जायचा. मी आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी त्यांना आडवा गेलो.

"शेठ, वयाला शोभतं का हे? लोकांच्या बायकांची लुगडी बघत फिरताय?"

ते खदखदून हसले. "भाऊ, पन्नास वर्षं कापडाचं दुकान केलं. लुगडी बघून बघून डोळं गेलं. आता मी घरं मोजतोय."

गिऱ्हाइकीपलीकडची ही आमची पहिली बोलाचाल. दुकान मुलांच्या हाती देऊन ते रिकामे झाले होते. मीही रिकामाच. पारगावकडची जमीन थोडी रस्त्यात गेली, बाकी खंडानं दिली आणि मंचरात दोन मजली घर बांधून बसलो होतो. त्या दिवसापासून फेरी संपली की ते माझ्या ओट्यावर टेकायला लागले. माझ्याकडचा चहा घ्यायचे, पण पाणी स्वतःचं, उकळलेलं, बाटलीतून. पूर्वज राजस्थानातून आले म्हणतात, पण शेठना मराठीशिवाय भांडता यायचं नाही.

घरं मोजायची त्यांची रीत अशी. दोरीवर कपडा दिसला तर घर भरलेलं. कपडा नाही तर रिकामं, मग दारावर कोणाचं का नाव असेना. मी म्हणालो, "पण ती पुण्यावाल्यांनी घेतलेली घरं? ती तर विकली गेली."

"विकलेलं निराळं, भरलेलं निराळं," शेठ म्हणाले. "कुलूप लावून ठेवलंय ते उद्या भाव आला की परत बाजारात. कापडाचं ठाण बांधून माळ्यावर ठेवलं म्हणून काय विकलं व्हय? माल तो मालच."

कोपऱ्यावरच्या बिल्डरनं 'फक्त दोन फ्लॅट शिल्लक' अशी पाटी लावली होती. शेठ तिथं रोज थांबायचे. "पाटीचा रंग उडाला राव, पण हे दोन काय संपंनात!"

मी चौथी शिकलेला माणूस. मला कोणी शिकवलेलं खपत नाही. पण शेठनं बाजार मला सांगितला तो डोक्यात बसला. ते म्हणायचे, "भाव नका बघू भाऊ, उठाव बघा, माल किती खपतोय ते. आपल्या ह्या तीन गल्ल्यांत सव्वीस घरं रिकामी. म्हैन्याला उठत्यात दोन. म्हंजे नवी वीट न्हाई लावली तरी वरीसभराच्या वर माल पुरतोय. घेणाऱ्याला घाई कशाची? जवा सहाच घरं राहतील आन् दोन उठतील, तवा तुमी मिशीला पीळ द्या."

हे सगळं ते माझ्या वरच्या मजल्याकडे बघत बोलायचे. कारण सव्वीसातलं एक तिथंच होतं.

वरचा मजला मी अनिलसाठी बांधला. माझा मुलगा. वेगळा जिना, वेगळं स्वयंपाकघर, सुनेला सासू-सासऱ्यांची अडचण नको म्हणून. त्यानं पिंपरीला घर घेतलं. मग माझी बायको गेली. मग मी वरचा मजला विकायला काढला, आणि असा भाव सांगितला की आलेला माणूस जिना चढायच्या आधीच माघारी फिरायचा. शेठनं त्यांच्या हिशेबानं योग्य भाव सांगितला, तो माझ्या निम्म्याहून थोडा वर.

"तुमी कापडवाले," मी म्हणालो. "आमचं दगडमातीचं काम तुमाला काय कळणार?"

पण त्यांच्या मोजणीत माझं घर रोज रिकामं लागतं, हे मला खुपायला लागलं. म्हणून मी एक केलं. पेटीतून बायकोचं हिरवं नऊवारी काढलं, तांबड्या काठाचं, आणि वरच्या दोरीवर चिमटे लावून टाकलं. म्हटलं, आता मोजा.

पहिल्या दिवशी शेठ आले, वर बघितलं आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "मग? मोजलं का आमचं घर भरलेल्यात?"

ते हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, ते काढा. तीन दिस घडी हालली न्हाई. एकाच अंगाला ऊन लागतंय, रंग जाईल. माझ्या दुकानातलंय ते. वैनींना तुमीच आणलं व्हतं घ्यायला. त्यांनी तांबडा काठ धरला, आन् तुमी दाराशी उभं राहून घाई करत व्हता."

मी हट्टानं म्हणालो, "म्हंजे रिकाम्यातच धरलं ना?"

"न्हाई. रिकाम्यात बी न्हाई. ते मी कधीच सोडलं. मालकालाच जो माल उठू द्यायचा न्हाई, तो माल नव्हं. तुमी भाव कुठं सांगताय भाऊ? तुमी अनिलची वाट बघताय."

माझं डोकं फिरलं. "उठा," मी म्हणालो. "उठा माझ्या ओट्यावरून."

शेठ गुडघ्यावर हात ठेवून उठले. छत्री घेतली. "चला," म्हणाले, "तुमच्याकडं एवढा तरी उठाव झाला."

त्यानंतर ते ओट्यावर बसले नाहीत. गल्लीतून जाताना वर बघायचे, माझ्याकडे नाही. मीही पेपर तोंडासमोर धरायचो. लुगडं मी त्याच दिवशी काढून, उलटी घडी घालून पेटीत ठेवलं होतं. ते त्यांना सांगायचं राहिलं. दोनदा दुकानापर्यंत गेलो. दोन्ही वेळा रुमाल घेऊन परत आलो. रुमाल मला लागत नाहीत.

पावसाळा संपता संपता ते दिसेनासे झाले. दुकानात विचारलं तर मुलगा म्हणाला, पुण्याला दवाखान्यात आहेत. जायचं मनात घेतलं, पण पहिल्यांदा त्यांनी बोलावं असं माझं म्हणणं. हे म्हणणं मी घट्ट धरून बसलो आणि तिकडे शेठ गेले.

दिवाळीनंतर आहुप्याकडची एक नर्सबाई नवऱ्याला घेऊन घर बघायला आली. तिनं भाव विचारला. मी अनिलला फोन लावला, "येणार हायेस का राहायला? आज सांग." तो म्हणाला, "आबा, कितीदा विचारणार?" मी फोन ठेवला आणि बाईला शेठचा भाव सांगितला. ती दोघं जिना चढून वर गेली.

व्यवहार होऊन ती दोघं राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी ओट्यावर बसलो होतो तर टोपीवर पाणी ठिबकलं. वर बघतो तर दोरी भरलेली. साडी, पँट, नर्सचा पांढरा कोट. ती वाकून म्हणाली, "आजोबा, खुर्ची सरकवा की, भिजाल."

"पडू दे," मी म्हणालो.

दहा वाजले होते. मी गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिलो. मोटारसायकली गेल्या, भाजीवाला गेला. वर मान करून चालणारं कोणी आलं नाही. मग मीच उठलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि गटार चुकवत, वर बघत माघारी आलो. माझं घर भरलेल्यात मोजलं.