मेलेल्या वेलीचं नाव

माळीकाका,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा निदान आता तरी मला मध्येच तोडणार नाहीत, असं धरून चालते.

यंदा थंडी लवकर पडली. शेजारीण रोज सकाळी कुंड्यांत भसाभसा पाणी ओतते आणि पानं पिवळी पडली की माझ्याकडे रडत येते. मी तुमचंच वाक्य तिच्या तोंडावर मारते : "थंडीत झाडं तहानेनं मरत नाहीत, मायेनं मरतात."

कॉलेजच्या काचघरात तुम्ही पस्तीस वर्षं माळी. मी तिथेच शिकून प्रयोगशाळेत शिकवायला लागलेली, तेवीस वर्षांची, शिष्ट. तुम्ही मला 'बाई' म्हणायचात आणि वागवायचात शेंबड्या पोरीसारखं. थंडीत कलमांवर काचेच्या बरण्या पालथ्या घालताना गोष्ट सांगायचात. जुन्या काळी जहाजातून आणलेली झाडं खाऱ्या वाऱ्यानं वाटेतच मरायची. मग एका डॉक्टरनं पतंगाचा कोश ओल्या मातीत, बंद बाटलीत ठेवला. पतंग राहिला बाजूला, मातीतून नेचा उगवला! बंद काचेत झाड जगतं, हे असं कळलं.

"डॉक्टर किडा बघत बसला आणि जगभरची झाडं बोटीत चढली. तुम्ही नुसत्या वहीत बघता, बाई."

हे तुम्हाला आधीच्या एका प्राध्यापकांनी सांगितलेलं. वाचायलाही त्यांनीच शिकवलं, झाडांच्या पाट्यांवरून. पण त्याआधीच घोळ झाला होता. तुम्ही नवीन असताना रंगकामासाठी पाट्या निघाल्या आणि तुम्ही त्या परत लावल्या. अंदाजानं. दाराशी दोन वेली, पानं जुळ्या बहिणींसारखी. पुढे उजवीकडची मेली, तिच्याबरोबर तिच्यावरची पाटीही गेली. उरलेली वेल मेलेलीचं नाव लावून तीस वर्षं उभी. लागवडीची जुनी वही वाचता यायला लागली तेव्हा तुम्हाला शंका आली. वहीत लिहिलेलं, डावीकडची पांढऱ्या फुलांची. पाटीवर नाव पिवळ्या फुलांच्या वेलीचं. आणि ही बया फुलेच ना.

"तीस वर्षं पोरं परीक्षेत चुकीचं नाव लिहितायत. माझ्यामुळे."

"मीपण लिहिलंय, काका. पूर्ण मार्क मिळालेत."

तुम्ही हसला नाहीत.

तुमच्या नोकरीचा तो शेवटचा हिवाळा. डिसेंबरात तुम्ही वेलीचं पाणी तोडलं, तिच्या बाजूच्या काचा उघड्या टाकल्या. विभागप्रमुख ओरडले, "वेल मारायचीय का?"

"नाही साहेब, जरा घाबरवतोय."

जानेवारीत एका सकाळी तुम्ही चहा अर्धा टाकून मला बोलवायला पळत आलात. फुलं आली होती. पांढरीशुभ्र.

प्रमुख ढिम्म हलले नाहीत. "माळ्याच्या सांगण्यावरून पाटी बदलत नसतात. हर्बेरियमचं पत्र आणा." हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह, दुसऱ्या शहरात. तिथल्या वाळवलेल्या मूळ नमुन्याशी आपलं फूल ताडून पाहायचं, एवढंच काम. मी डहाळी दाबून, वाळवून, कागदावर शिवून तयार केली.

"मार्चअखेर मी घरी बसणार, बाई. त्याआधी पाटी माझ्या हातानं बदलायचीय."

"या शनिवारी जाते. झालं?"

त्या शनिवारी फार गारठा होता. पुढच्या शनिवारी मैत्रिणीचं लग्न. मग पेपर तपासायला आले. तुम्ही दर सोमवारी विचारायचात. मग विचारणं सोडलंत, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. शेवटच्या दिवशी किल्ल्या टेबलावर ठेवून तुम्ही काचघराच्या दारातून बाहेर पडलात, तेव्हा वेलीकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडेही नाही.

ती कागदावर शिवलेली डहाळी अजून माझ्याकडेच आहे. सबब सांगत नाही, कारण सबब नाहीच. लग्नानंतर मी त्याच शहरात राहायला गेले. अकरा वर्षं राहिले. हर्बेरियम आमच्या घरापासून बसनं चौथ्या थांब्यावर होतं.