गोलातला दगड

चाळिशीच्या माणसाने खाकी अर्धी विजार घालून रत्नागिरीच्या भर रस्त्याने जायला थोडा निर्लज्जपणा लागतो. तो माझ्यात होता. दर रविवारी दुपारी मी गळ्यात स्कार्फ, खिशात शिट्टी आणि हातात खांद्याएवढी काठी घेऊन निघायचो. सोमवारी कचेरीतली मंडळी विचारायची, "काय रावसाहेब, काल कोणता किल्ला सर केलात?" मी जिल्हा कचेरीत कारकून होतो. स्काऊटमास्तर हा माझा रविवारचा उद्योग. तो करा म्हणून कोणी माझ्या मागे लागलं नव्हतं आणि सोडा म्हणून सांगणारंही घरी कोणी नव्हतं.

बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विषमज्वराने गेली. मूल नव्हतं. एका घराच्या मागच्या अंगाला खोली भाड्याने घेऊन राहत होतो. स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली असतील, तेव्हा जवळच्या शाळेला पथक चालवायला माणूस हवा होता. ज्याला घरी जायची घाई नाही असा गावात मीच. शाळेने एक अडगळीची खोली दिली, मी एक पुस्तक मागवलं, आणि काम सुरू झालं.

खोटं कशाला सांगू, पहिली काही वर्षं मी फार सुखात होतो. पुस्तक उघडून मी मुलांना दोराच्या गाठी शिकवत होतो. एक गाठ मला स्वतःलाच जमेना. दोनदा सुटली. मिरकरवाड्यातला एक मुलगा समोर बसला होता, त्यांच्या घरच्या होड्या होत्या. त्याने दोर मागून घेतला, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि माझ्याकडे बघत बघत गाठ मारून पुढे केली. म्हणाला, "सर, ही तर आमची धाकटी बहीणपण बांधते." मुलं इतकी हसली की मलाही हसावं लागलं. त्यानंतर गाठी तोच शिकवायचा आणि मी मुलांच्यात मांडी घालून बसायचो.

जखमी माणसाला न्यायची डोली करायला मात्र मी शिकवलं. दोन काठ्या घ्यायच्या, तीन सदरे काढायचे, बाह्या आत उलटवून त्यांतून काठ्या ओवायच्या. हे मी इतक्या वेळा करून घेतलं की मुलं कंटाळली. सगळ्यात हडकुळा मुलगा दर वेळी जखमी व्हायचा आणि डोलीत पडल्या पडल्या चिंचा खायचा. एकाने विचारलं, "सर, पण खरोखरीचं कोणी कधी पडणार?" मी म्हटलं, "पडेल तेव्हा पुस्तक शोधायला वेळ नसेल."

त्रासही होताच. गावात कोणी मोठा पाहुणा आला की शाळेतून निरोप यायचा, दहा स्काऊट पाठवा. तिथे गेल्यावर खुर्च्या मांडायच्या, पाणी वाटायचं, उन्हात रांगेत उभं राहायचं. एकदा तर पाहुण्यांच्या चपला राखायला माझी दोन मुलं उभी केलेली मी बघितली. मी तिथल्या तिथे भांडलो. मंडळी म्हणाली, सेवा हाच तुमचा धर्म ना? मी म्हटलं, सेवा माणसांची, चपलांची नव्हे. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. दोन दिवस मनाशी घोळवत होतो.

आणि मुलं जायची. मॅट्रिक झाली की मुंबईला. पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की एकेकाचा निरोप घ्यायला मी बंदरावर जात असे. लहानशा पडावात बसून मुलगा लांब उभ्या बोटीकडे वल्हवत निघाला की मी धक्क्यावरून तीन शिट्ट्या द्यायचो आणि तो स्कार्फ हलवायचा. त्याचे आईबाप माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघायचे. पहिल्या दिवाळीला पोस्टकार्ड यायचं. दुसऱ्या दिवाळीला बहुधा नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण कार्ड आलं नाही की पोस्टमन गेल्यावरही मी जरा वेळ दारात उभा असायचो, हेही खरं.

माझा स्वभाव तापट. पथकात माझा एक कायदा होता: उशिरा आलात तर कारण सांगायचं नाही. उशीर झाला, चुकलो, एवढं म्हणायचं आणि रांगेत उभं राहायचं. कारणं सांगायची सवय माणसाला बिघडवते असं माझं मत होतं, आणि माझी मतं त्या काळी फार पक्की असत. मुलांनी हा कायदा इतका अंगी बाणवला की एकदा एक मुलगा पायात काच गेलेली असताना लंगडत आला आणि "उशीर झाला, चुकलो" म्हणून गप्प उभा राहिला. रक्त बघून मला कळलं. मला त्याचा अभिमान वाटला. कायद्याची शंका काही आली नाही.

आमचा सगळ्यांचा आवडता खेळ म्हणजे माग काढणं. गावामागच्या डोंगरावर जांभ्या दगडाचं मोठं उघडं पठार आहे, त्याला आमच्याकडे सडा म्हणतात. मी पुढे जाऊन वाटेत खुणा ठेवायचो. दगडांचा बाण म्हणजे इकडून जा. फुली म्हणजे इकडून नको. खुणा वाचत मुलं सड्याच्या टोकाला एका काजूच्या झाडापर्यंत यायची. तिथे मी दडप्या पोह्यांचा डबा घेऊन बसलेला असायचो. मुलं रांगेत उभी राहून मला तीन बोटांची सलामी द्यायची आणि मग डब्यावर तुटून पडायची. आणखी एक खूण असते, दगडांचा गोल आणि मधोमध एक दगड. तिचा अर्थ, मी घरी गेलो. ती आम्ही फक्त वहीत काढली होती. जमिनीवर मांडायची वेळ कधी आली नव्हती, कारण मुलं येईपर्यंत मी कधी घरी गेलोच नव्हतो.

पुढे मुलं कमी होत गेली. शिकवण्या निघाल्या होत्या, नवीन खेळ आले होते. अठराची अकरा झाली. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या दोन रविवारी तर पाच-सहाच मुलं आली. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. सज्जन माणूस. म्हणाले, "पाचसहा मुलांसाठी खोली अडवून ठेवणं बरं दिसत नाही. तुम्हीच काय ते ठरवा." मी म्हटलं, "रविवारी ठरवतो."

शनिवारी शाळा सुटताना मी अकराही जणांना फाटकाशी गाठलं. म्हणालो, "उद्या सड्यावर माग काढायचा आहे. येईल तो माझा. कोणी आलं नाही, तर पथक संपलं असं मी समजेन." मुलं खाली मान घालून ऐकत होती. एवढं तोडून बोलायचं कारण नव्हतं. पण मला ते कळायला हवं होतं. दहा वर्षं होत आली होती आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी मी नारळ खवला, अकरा जणांचे पोहे दडपले. दुपारी दोनला पाखाडीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेने सड्यावर गेलो, खुणा मांडल्या आणि काजूखाली जाऊन बसलो. मुलं तीनला निघणार, चारपर्यंत पोचणार. लांबवर बायका गवत कापत होत्या. चार वाजले. मी डबा सावलीत सरकवला. साडेचार वाजले. पाच वाजता मी उठून सड्याच्या मधोमध आलो आणि शिट्टी वाजवली. समुद्रावरून वारा होता, शिट्टी माझ्या मला धड ऐकू आली नाही. एक मुलगा जरी आला असता तरी मी पथक चालवलं असतं. तेव्हा मला हे अगदी स्पष्ट समजलं, की मला मुलांना शिकवायचं वगैरे काही नव्हतं, मला कोणीतरी यायला हवं होतं.

साडेपाच वाजता मी दगड गोळा केले. काजूसमोर गोल मांडला, मधे एक चांगला ताठ दगड उभा केला. रागाच्या भरातही गोल मात्र नीट आखला. मग पाखाडीने न उतरता मुद्दाम पलीकडच्या गाडीरस्त्याने उतरलो. वाटेत कोणी भेटलंच तर मला तोंड द्यायचं नव्हतं. पोहे घरमालकिणीच्या गाईला घातले.

सोमवारी खोलीची किल्ली, हजेरीपट आणि निशाण हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी विचारलं, "मुलांशी बोललात का?"

मी म्हटलं, "बोलायचं काय त्यात? आली नाहीत."

तीन दिवसांनी दोन मुलं माझ्या दाराशी आली. मी आतूनच विचारलं, "काही काम आहे का?" एक म्हणाला, "सर, उशीर झाला, चुकलो." मला वाटलं, चार दिवसांनी माफी मागायला आली आहेत. मी म्हटलं, "झाला खरा," आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ती निघून गेली. त्यानंतर रस्त्यात कोणी समोरून दिसलं तर मी पलीकडच्या बाजूला जात असे.

रविवार कसा काढायचा हे मला माहीत नव्हतं. दुपारी जेवून झोपायचो, चारला दचकून जागा व्हायचो. शिट्टी खुंटीवर होती. एकदा मालकिणीने विचारलं, "भाऊ, तुमची मुलं येत नाहीत हल्ली?" मी सांगितलं, "मोठी झाली." पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या, त्या अकरा मुलांतले सातजण मॅट्रिक होऊन मुंबईला गेल्याचं कानावर आलं. मी बंदरावर गेलो नाही. त्या दिवाळीला कार्ड आलं नाही, आणि ते कोणत्या तोंडाने येणार होतं?

पुन्हा गवतकापणीचे दिवस आले. एका रविवारी झोप लागेना म्हणून मी उठलो आणि पाय नेतील तिकडे चालत सुटलो. पायांनी सड्यावरच नेलं. काजूजवळ आलो आणि बघतच राहिलो. माझा गोल तसाच होता. आतली जागा झाडून स्वच्छ केलेली, मधल्या दगडाला शेंदूर, पायाशी झेंडूची फुलं आणि खोबऱ्याचा तुकडा. मी पुढे पाऊल टाकलं तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला.

"ओ, चपला काडा पयल्या! देवाची जागा हाय ती."

चाळिशीची, कुणब्यांपैकी बाई होती. हातात कोयती, चालताना एक पाय किंचित ओढत होती. मी मुकाट्याने चपला काढल्या आणि विचारलं, "कुठला देव?"

"राखणदार. गेल्या साली परगटला. तुमाला ठावं नाय?" तिने कोयती खाली ठेवली. "मी पाखाडीवर घसारले. भारा आंगावर, पाय मोडला. जवल कोन नाय. तवा ती पोरां आली, खाकी चड्डीवाली. आंगातले सदरे काडल्यानी, काठ्यांत घातल्यानी, नि मना त्याच्यावर निजवून खाली वाडीत आनल्यानी. लय लांब हाय वाडी, पालीपालीनं समदीच लागली उचलाया. हाडवैद्याला पन त्यांनीच बोलावल्यानी."

मी वळून पाखाडीकडे बघितलं.

"मी म्हटला, बाबानू, दिवस बुडतोय, आता घरला जावा. तर आयकतील तर ना! म्हनतात, 'आमचे सर वर थांबलेत. आम्ही गेल्याशिवाय ते हलायचे नाहीत.' उघडीच पलाली, सदरे काखेत मारून."

"मग?"

"माजी जाव हितं भारा बांधीत व्हती, तिनं बगलंन. पोरां आली नि ह्या दगडांजवल गप उभी ऱ्हायली. मग रांग केल्यानी, नि समद्यांनी ह्याला असा हात केल्यानी." तिने तीन बोटं कपाळाला लावून दाखवली. "येवडी शानी पोरां, ती काय उगाच हात करतील? मग आमी पन फुलां घालाया लागलो. नि माजा पाय पन बरा झाला की."

"किती मुलं होती?"

"आसतील धा-अकरा."

"अकरा," मी म्हटलं.

"तुमाला काय ठावं?" तिने विचारलं. हे दगड मीच मांडले, चिडून मांडले, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिने कोयती उचलली आणि आपल्या कामाला गेली.

दिवस बुडताना मुलं इथे आली होती. मी साडेपाचला उठलो होतो. म्हणजे अर्धा तास, फार तर पाऊण. दारात आलेल्या त्या दोघांनी कारण सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं नाही असं मीच शिकवलं होतं.

घड्याळ बघितलं. पाच वाजून गेले होते. मी अनवाणीच काजूखाली जाऊन बसलो. बायका भारे घेऊन एकेक करून उतरून गेल्या. साडेपाच झाले. ऊन सड्यावरून सरकत समुद्राकडे गेलं, दगडावरचा शेंदूर दिसेनासा झाला. पाखाडीकडून कोणी येणार नव्हतं. तरी पूर्ण अंधार पडेपर्यंत मी तिथून उठलो नाही.