तक्रार खिडकीवरच्या मॅडम

परळच्या आमच्या ख्रिस्ती विद्यापीठात समुपदेशन शिकवणाऱ्यांचा पूर्वानुभव वेबसाइटवर टाकायचं काम माझ्याकडे, म्हणजे ऑफिसातल्या क्लार्ककडे आहे. एक फादर आधी तुरुंगात कैद्यांना भेटायचे, एक सर इस्पितळात सोशल वर्कर होते. सगळ्यांनी पानंच्या पानं भरून दिली. फक्त चिंचपोकळीहून चालत येणाऱ्या एका मॅडमचा पूर्वानुभवाचा फॉर्म येईना.

त्या पूर्वी टेलिफोनच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसायच्या. तिथली सवय अजून सुटलेली नाही. आपण काहीही सांगितलं की त्या तेच परत म्हणून दाखवतात आणि मान वर न करता विचारतात, "आणखी?" वर्गातही हेच शिकवतात. म्हणतात, "पहिली तक्रार टाइमपास असते. खरी तिसरी."

परवा मी त्यांच्याकडे फॉर्म मागायला गेलो.

"म्हणजे फॉर्म हवाय, बरोबर? आणखी?"

"वेबसाइट रखडली म्हणून मोठे फादर माझ्यावर चिडलेत."

"आणखी?"

"मुलगा पुण्याला गेल्यापासून फोन करत नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही करता?"

"नाही."

त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'तक्रार क्र. ४१'.

"हा नंबर कशाला, मॅडम?"

"नंबर हातात असला की माणूस परत विचारायला येतो, भाऊ."

काल परत गेलो. मुलाशी चार मिनिटं बोललो, हे सांगितलं. फॉर्म मात्र मागितला नाही. तो मिळाला तर पुढच्या वेळी काय निमित्त सांगून जाणार?